सोलापूरसारख्या सपाट गावातून डोंगरातले खेळ शिकायला सुरुवात कुठून करायची? रॅपलिंगला एकदा फार घाबरले, आता नीट शिकायचंय

जुळेसोलापूर_२७:

नमस्कार सगळ्यांना. मी सोलापूरची, वय २७, दिवसभर खुर्चीत बसून काम. आमच्यासाठी डोंगर म्हणजे तुळजापूरचा घाट, त्याच्या पुढं मी कधी गेलेच नव्हते. या जुलैत ऑफिसातल्या मैत्रिणीनं इन्स्टावर बघून एका ग्रुपच्या वॉटरफॉल रॅपलिंगला, म्हणजे दोरीनं धबधब्यावरून खाली उतरायला, दोघींची नावं दिली. रात्रभर बस, पहाटे तिकडं पोचलो, चहा पोहे झाले आणि थेट धबधब्याच्या डोक्यावर. हार्नेस, म्हणजे कमरेला आणि मांड्यांना बांधायचा पट्टा, चढवला, आठच्या आकाराच्या एका कड्यात दोरी अडकवली, मागं बसा, पाय भिंतीला लावा, खाली बघू नका, एवढंच सांगितलं आणि एकेकाला सोडायला लागले.

माझ्या पुढं जी मुलगी होती तिची वेणी अर्ध्या वाटेत त्या कड्यात ओढली गेली. दोरीबरोबर केस आत जात राहिले तशी तिची मान खाली खाली वाकत गेली, वरनं पाणी कोसळतंय, ती ओरडतीय ते पण धड ऐकू येईना. वरचा मुलगा दोरी ओढून बघत होता पण तिचं सगळं वजन त्याच एका दोरीवर, ती हलेचना. मी काठावर हार्नेस घालून उभी, पुढचा नंबर माझा. पंधरा वीस मिनिटं तरी गेली असतील. शेवटी शेजारी दुसऱ्या ग्रुपची दोरी लागली होती तिथला एक दादा स्वतः खाली उतरला, तिच्या दोरीला तिच्या डोक्याच्या वर एक बारीक दोरी गुंडाळली, तिचा फास लोंबता सोडला आणि त्यात पाय ठेवून तिला उभं राहायला लावलं. वजन सुटलं तसे केस निघाले, थोडे तुटले, पण ती खाली नीट पोचली. मी उतरलेच नाही. मागच्या पायवाटेनं खाली आले आणि बसमध्ये रडले.

पण त्या दादानं जे केलं ते डोक्यातून जातच नाही. त्याला घाई नव्हती, दोन मिनिटांत काय करायचं ते त्याला माहीत होतं. मला तसं यायला पाहिजे असं वाटतंय. आता घरी आई म्हणते डोंगराचं नाव काढायचं नाही. आणि मला तर ट्रेकिंग, रॉक क्लायंबिंग, माउंटेनिअरिंग यातला फरक पण नीट माहीत नाही, सगळे सगळ्याला अ‍ॅडव्हेंचर म्हणतात. सोलापुरात राहून हे शिकता येतं का, सुरुवात कशापासून करू, पुण्याला दर रविवारी जाणं काय जमणार नाही. हिमालयात कोर्स असतात म्हणे, ते आमच्यासारख्यांना झेपतात का? ज्यांनी केलंय त्यांनी सविस्तर सांगा प्लीज.


घसारा_आणि_कातळ:

ताई, मी मूळचा अक्कलकोट रोडचा, आता पुण्यात, पंधराएक वर्षं सह्याद्रीत क्लायंबिंग करतोय. आधी त्या दिवसाबद्दल बोलू, कारण तुमचा अर्धा अभ्यास त्यातच आहे.

त्या दादानं जी बारीक दोरी गुंडाळली तिच्या गाठीला प्रुसिक म्हणतात. ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिकनं १९३१ साली ती गिर्यारोहकांपुढं आणली, म्हणून ते नाव. मुख्य दोरी दहा अकरा एमएमची असली तर सहा एमएमच्या दोरीचा लूप घ्यायचा, मुख्य दोरीभोवती तीन वेढे मारायचे. वजन नसलं की ही गाठ हातानं वर खाली सरकते आणि वजन पडलं की जागच्या जागी आवळून बसते. त्या मुलीनं फासात पाय ठेवून उभं राहिल्यावर तिचा भार प्रुसिकवर आला, खालचा एट, म्हणजे ते आठच्या आकाराचं कडं, सैल पडलं, म्हणून केस सुटले. म्हणजे दोन मीटर दोरी आणि ती बांधता येणारा माणूस, एवढ्यावर काम झालं. चाकू काढून केस कापायला कुणी गेलं नाही हे फार बरं झालं, ताणलेल्या दोरीला पात्याचा नुसता स्पर्श झाला तरी ती तुटते.

आता चूक कुठं झाली ते बघा. केस बांधून हेल्मेटच्या आत, ओढणी, गळ्यातलं, शर्टाचं टोक सगळं आत खोचलेलं, हे उतरायच्या आधी लीडरनं स्वतः बघायचं असतं. दुसरं, नवख्या माणसाला एकाच दोरीवर कधी सोडायचं नाही. एक दोरी उतरायची आणि दुसरी वेगळ्या अँकरवरची, म्हणजे दोरी वर जिथं बांधतात त्या आधारावरची, सेफ्टी, जिला आपण बिले म्हणतो, ती वरच्या माणसाच्या ताब्यात. तिसरं, उतरायची दोरी वर अशी बांधायची असते की त्यावर वजन असताना सुद्धा ती सोडून माणसाला हळूहळू खाली घेता येतं. हे दोन्ही असतं तर सेफ्टी लॉक करून मुख्य दोरी ढिली केली असती, दोन मिनिटांचं काम होतं. आणि अँकर कातळात ठोकलेल्या एका बोल्टवर नाहीतर एका झाडावर नसतो, किमान दोन स्वतंत्र ठिकाणी असतो, एक निसटला तर दुसरा धरेल असा.

नावांचा गोंधळ सगळ्यांचाच असतो. पायानं चालत डोंगर चढला तो ट्रेक. हाताशिवाय पुढं जाता येत नाही, पडलो तर दोरीनं धरायला पाहिजे, तिथनं रॉक क्लायंबिंग सुरू. आपल्याकडं लिंगाणा, तैलबैला, नागफणी ही त्यातली नावाजलेली ठिकाणं. उंची कमी, दोरी नाही, खाली गादी, ते बोल्डरिंग. कृत्रिम भिंतीवर स्पर्धेसाठी चढतात ते स्पोर्ट क्लायंबिंग, ते टोकियोपासून ऑलिम्पिकमध्ये आलंय, त्यातली स्पीडची भिंत १५ मीटरची असते. बर्फ, हिमनदी, उंची हे सगळं एकत्र आलं की माउंटेनिअरिंग. आणि रॅपलिंग हा मुळात खेळच नाही हो, वर चढलेल्या माणसाची खाली यायची ती पद्धत आहे. ते वेगळं काढून आजकाल विकतात, आणि माणसाला वाटतं की डोंगराची सुरुवात इथनंच होते. सुरुवात चालण्यापासून होते.

दोऱ्या पण दोन जातीच्या. उतरायला कमी ताणणारी स्टॅटिक. पुढं राहून चढणाऱ्याला डायनॅमिक लागते, ती पडल्यावर रबरासारखी ताणते आणि झटका पिऊन टाकते. स्टॅटिकवर तीच पडझड झाली तर झटका सगळा कमरेवर आणि अँकरवर. कॅराबिनर म्हणजे दोरी अडकवायची उघडझाप होणारी कडी, तिच्या अंगावर केएनचा (किलोन्यूटनचा) आकडा कोरलेला असतो, १ केएन म्हणजे साधारण १०० किलोचा भार. तो आकडा वाचायची सवय लावा, आकडा नसलेली वस्तू अंगाला लावू नका.

आणि आपला कातळ. सह्याद्री म्हणजे लाव्ह्याचे थर एकावर एक, मध्ये मध्ये ठिसूळ माती मुरमाचा थर, त्यामुळं दिसायला भक्कम दगड हातात येतो. आम्ही होल्ड धरायच्या आधी त्यावर थाप मारतो. आवाज भरीव आला तर धरायचा, मडक्यासारखा पोकळ आला तर सोडायचा. हे पुस्तकात वाचून नाही येत, चार वेळा कुणाच्या तरी शेजारी उभं राहून कानाला कळतं.

कुठल्याही ग्रुपबरोबर जाताना आधी फोन करून विचारा, नवख्यांना दुसरी दोरी लावता का, हेल्मेट प्रत्येकाला आहे का, लीडरनं कुठला कोर्स केलाय, फर्स्ट एड कोणाला येतं, पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी आहे का. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणात ही नोंदणी सांगितलीय. प्रश्न विचारल्यावर जो चिडतो त्याच्याबरोबर जाऊ नका, मग कितीही स्वस्त असू दे.


शेंगाचटणी_कडकभाकरी:

पोरी, मी ५४ वर्षांची, सोलापुरातच आहे, सातरस्त्याजवळ. ४६ व्या वर्षी सुरू केलं, तोपर्यंत मी पण पार्क मैदानाला दोन चकरा मारून घरी यायचे. म्हणून म्हणते सोलापूर सपाट आहे हे कारण मनातनं काढून टाक.

आपल्याकडं गड्ड्याच्या यात्रेला नंदीध्वज पेलणारी माणसं बघितलीस ना, संक्रांतीच्या किती दिवस आधीपासून त्यांचा सराव चालू असतो, एकदम जाऊन कुणी तो काठीभर भार कमरेवर घेत नाही. डोंगराला मात्र लोक आदल्या दिवशी बूट आणतात आणि दुसऱ्या दिवशी चढायला जातात. मग गुडघे धरून बसतात आणि डोंगराला नावं ठेवतात.

मी काय केलं ते सांगते. आमची बिल्डिंग पाच मजली. पाठीवर सॅक, सॅकमध्ये पाण्याच्या दोन दोन लिटरच्या बाटल्या, आधी दोन मग तीन मग चार. पायऱ्या चढून गच्चीवर गेलं की पाणी तिथं झाडांना ओतायचं आणि रिकाम्या सॅकनं उतरायचं, म्हणजे चढताना भार आणि उतरताना गुडघ्याला आराम, परत खाली येऊन भरायच्या. सुरुवातीला पाच फेऱ्या, आता पंचवीस होतात. आठवड्यातून तीन दिवस एवढं, बाकी दिवस सिद्धेश्वर तलावाच्या बाजूनं चालणं. आपल्याकडचं ऊन माहीतच आहे, उन्हाळ्यात पहाटे पाचला सुरू करून साडेसहाला घरात, नंतर नाही. आणि आता कोजागिरी आलीच की, आपल्याकडनं हजारो माणसं तुळजापूरला चालत जातात, ४५ किलोमीटरच्या आसपास आहे. एकदा त्यांच्याबरोबर जा. एवढं अंतर चालल्यावर बुटात बोट कुठं घासतं, कुठला मोजा चांगला, पाणी किती लागतं हे सगळं आपोआप कळतं. मला तिथंच कळलं की मी बूट एक नंबर लहान घेत होते, उतारावर अंगठ्याचं नख काळं पडायचं ते त्यामुळं.

आता गड. सगळे म्हणतात पुणे पुणे, पण आपल्याला माण खटाव जवळ आहे ते कुणी सांगत नाही. पंढरपूर, म्हसवड, गोंदवले, दहिवडी करत साताऱ्याकडं जायचा रस्ता, त्यावर महिमानगड आणि पुढं वर्धनगड. वर्धनगड तर रस्त्याला लागूनच, पायथ्याला वर्धनगड नावाचंच गाव, वर वर्धनीमातेचं देऊळ, तटबंदी अजून चांगली आहे. नवख्या माणसाला तासाच्या आत होतो. खटावातच भूषणगड आहे, सपाटीत एकटाच उभा असलेला गोल डोंगर, वर हरणाईचं देऊळ, पायऱ्या आहेत. हे तीन गड केलेस की पायाचा अंदाज येतो, मग राजगड तोरणा. तोरणा १४०३ मीटर आहे, राजगडाला पहिल्यांदा गेलीस तर पाली दरवाज्याकडनं जा, पायऱ्या आहेत, गुंजवण्याकडनं चोर दरवाज्याची वाट उभी आहे ती दुसऱ्या वेळी. आणि कळसूबाई १६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, वरच्या टप्प्यात लोखंडी शिड्या आहेत. या पाच सहा ठिकाणी जाऊन आल्याशिवाय दोरीच्या मागं लागू नकोस असं माझं स्पष्ट मत आहे. जवळचं म्हणशील तर नळदुर्गला महिन्यातनं एकदा जात जा, तो काय डोंगरी किल्ला नाही, पण उपळी बुरुजाच्या पायऱ्या आणि तटावरनं सगळा फेरा मारला की पाय बोलायला लागतात.

पावसाळ्यात गड हिरवे दिसतात म्हणून गर्दी असते, पण शेवाळलेल्या पायरीसारखी वाईट गोष्ट नाही. आक्टोबर सरला की फेब्रुवारीपर्यंत आपला सीझन. कड्याला आग्या मोहोळ असतं, सेंट अत्तर लावून जायचं नाही, खाली शेकोटी करायची नाही, मोठ्यानं गाणी लावायची नाहीत. मोहोळ उठलं की पळायला जागा नसते.

खायला काय न्यायचं ते आपल्याला जगानं शिकवायची गरज नाही. कडक भाकरी आठ दिवस राहते, शेंगाचटणी महिनाभर राहते, दोन्हीला फ्रीज लागत नाही, बरोबर गूळ आणि लिंबू. मी वर बसून भाकरी मोडली की पुण्या मुंबईची पोरं भोवती गोळा होतात.

आईचं म्हणशील तर तिला पहिल्या गडावर बरोबर घेऊन जा. मी माझ्या सासूबाईंना नेलं होतं, त्या पायथ्याच्या देवळात बसल्या, खालनं मला वर चढताना बघितलं आणि नंतर कधी अडवलं नाही.


वीकेंड_वॉरिअर_एसओएल:

एवढं काय घाबरवताय हो सगळे. आम्ही दोन वर्षं जातोय, सामान ऑनलाइन मागवलं, यूट्यूब बघून गाठी शिकलो, आजपर्यंत काही झालं नाही. कोर्स बिर्स म्हणजे पैसे घालवायचे धंदे. चार मित्र आणि एक दोरी असली की बास. ताई तुम्ही पण बिनधास्त या आमच्याबरोबर.


घसारा_आणि_कातळ:

भावा, तुला डोंगराची ओढ आहे हे कळतंय म्हणून मनापासून सांगतो. व्हिडिओत गाठ दिसते, ती ओल्या दोरीवर थंडीनं बधिर झालेल्या बोटांनी कशी बसते ते दिसत नाही, आणि मुख्य म्हणजे तुझी गाठ चुकली तर व्हिडिओ तुला थांबवत नाही. मी पहिल्या वर्षी आठाची गाठ बांधली होती, मला शंभर टक्के बरोबर वाटली होती, माझ्या सरांनी बोट लावून दाखवलं की टोक चार बोटंच बाहेर आहे, चांगलं वीतभर पाहिजे. तेवढ्यावर मी साठ फूट चढणार होतो. तेव्हापासून आमचा नियम एकच, आपली गाठ दुसऱ्यानं बघायची आणि दुसऱ्याची आपण, पंधरा वर्षं झाली तरी बघतो. काही झालं नाही याचा अर्थ बरोबर करतोय असा होत नाही. आणि ऑनलाइन घेतलेला हार्नेस ऊन पावसात गॅलरीत पडून असेल तर शिलाई तपास, उन्हानं नायलॉन आतनं मरतं, बाहेरनं कळत नाही. एकदा पुण्याला ये, एका रविवारी सगळं सामान मांडून बघू, पैसे कोण मागत नाहीये.


उत्तरकाशी_२८दिवस:

हिमालयातल्या कोर्सचं विचारलंय ते मी सांगतो, मी शेळगीचा, बेसिक माउंटेनिअरिंग कोर्स केलाय उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूटमधून, सगळे त्याला निम म्हणतात. ती १९६५ ची संस्था. दार्जिलिंगची त्याहून जुनी, १९५४ ची, एव्हरेस्ट पहिल्यांदा सर झाल्याच्या पुढच्याच वर्षी काढलेली, तेनसिंग नोर्गे तिथले प्रत्यक्ष डोंगरातल्या प्रशिक्षणाचे पहिले प्रमुख होते. मनाली, पहलगाम आणि अरुणाचलात दिरांग इथं पण सरकारी संस्था आहेत. बेसिक कोर्स निममध्ये २८ दिवसांचा, म्हणजे नोकरी असेल तर सुट्टीचं आधी बघा, जागा लवकर भरतात, वयाची अट आणि डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं. बेसिकला ए ग्रेड मिळाली तरच पुढचा अ‍ॅडव्हान्स्ड करता येतो.

झेपतो का, तर झेपतो, पण सहज उरकायचा प्रकार नाही. मी सोलापूरच्या उन्हात पळायचो म्हणून मला वाटलं होतं माझा दम भारी आहे. पहिले दिवस टेखलाच्या कातळावर, रोज पाठीवर सॅक घेऊन चालत जायचं, तिथं गाठी, चढाई, रॅपलिंग, तेच तेच, कंटाळा येईपर्यंत. तो कंटाळा येतो ना, तिथनं खरं शिकणं सुरू होतं, कारण मग हात आपोआप चालतात. नंतर वर बर्फात. मला आयुष्यभर लक्षात राहील ती आईस अ‍ॅक्सनं, म्हणजे बर्फातल्या कुदळीनं, स्वतःला थांबवायची प्रॅक्टिस. बर्फाच्या उतारावर मुद्दाम पाठीवर पडायचं, घसरायला लागायचं, वेग आला की अ‍ॅक्सच्या डोक्याकडं अंग वळवून पालथं व्हायचं आणि छातीचं सगळं वजन अ‍ॅक्सवर टाकायचं, पाय वर. बुटाला क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फात रुतणारे धातूचे दात, असताना पाय खाली टेकला तर तो अडकून माणूस उलटा फेकला जातो. पहिल्यांदा मी थांबलोच नाही, खाली सुरक्षित सपाटी होती तिथपर्यंत गेलो. पंधराव्या वेळी दोन मीटरमध्ये थांबलो. ज्या पोरानं आयुष्यात बर्फ फक्त रसवंतीत बघितला त्याला हे येतंय याचा केवढा आनंद झाला होता ते लिहून सांगता येत नाही.

उंचीचं मात्र हलकं घेऊ नका. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण वर पण २१ टक्केच असतं, पण दाब कमी होतो, साडेपाच हजार मीटरला हवेचा दाब खालच्या निम्म्यावर येतो, म्हणजे एका श्वासात मिळतं ते निम्मं. म्हणून थेट कोर्सला जाऊ नका, आधी एक हिमालयातला ट्रेक करा. यूथ हॉस्टेलवाल्यांचा हिमाचलातल्या कसोलचा सार पास ट्रेक परवडतो, १३,८०० फुटापर्यंत नेतात. तिथं तुमचं शरीर उंचीला कसं वागतं ते कळेल. माझ्या तुकडीत सगळ्यात तगडा पोरगा दुसऱ्याच दिवशी आजारी पडला आणि एक बारीकशी शाळामास्तरीण शेवटपर्यंत हसत होती.

आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये द्रौपदी का डांडा शिखरावर निमचाच प्रशिक्षणाचा गट हिमस्खलनात सापडला, पंचवीसच्या वर माणसं गेली. ते शिकवणारे देशातले चांगल्यातले चांगले होते. मी तो डोंगर समोरून बघितलाय. म्हणून घरच्यांपासून काही लपवू नका, आईला सगळं खरं सांगून जा. आपल्या सोलापूरचे आनंद बनसोडे एव्हरेस्टवर जाऊन आलेत, आपल्या गावातनं जाता येतं हे त्यांनी दाखवलंय, पण तिथं जायची वाट लांब आहे आणि ती घाईनं कापायची नाही.


डॉ_गुडघेदुखी:

वरच्या उंचीच्या मुद्द्याला जोडून थोडक्यात. २५०० मीटरच्या वर गेल्यावर डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं, भूक मरणं असं झालं तर ते उंचीमुळं आहे असंच धरून चाला, पित्त झालं असेल म्हणून गोळी घेऊन पुढं चढू नका. त्रास असताना वर झोपायला जायचं नाही. ३००० मीटरच्या वर रोज मुक्कामाची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीन चार दिवसांनी एक दिवस थांबायचं. बसल्या जागी धाप लागणं, खोकल्यातून फेस, चालताना दारू प्यायल्यासारखा तोल जाणं, बोलण्यात गोंधळ, यातलं एक जरी दिसलं तर रात्र आहे, पाऊस आहे असा विचार न करता माणसाला लगेच खाली आणायचं. खाली आणणं हाच खरा उपचार आहे. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी मित्राच्या सांगण्यावरून घेऊ नका, आपल्या डॉक्टरला विचारूनच. आणि फिटनेसचा याच्याशी संबंध नाही, पळणाऱ्यांना उलट जास्त धोका, कारण ते भरभर वर जातात.

गुडघ्यांसाठी काकूंची पाणी ओतायची युक्ती मी आता माझ्या पेशंटना सांगणार आहे. त्यात भर म्हणजे मांड्यांचे व्यायाम करा, उतारावर छोटी पावलं टाका, आणि काठी वापरायला लाजू नका.


जुळेसोलापूर_२७:

(पाच आठवड्यांनी)

सगळ्यांचे खूप आभार, उत्तर द्यायला उशीर झाला कारण म्हटलं काहीतरी करूनच लिहावं.

कोजागिरीला तुळजापूरला चालत गेले. रात्रभर. शेवटच्या दहा किलोमीटरला टाचेला दोन फोड आले, एक फुटला, पण काकू तुम्ही म्हणालात तसंच निघालं, मोजे सुती होते ते घामानं भिजून घासत होते. आता जाड दुसरे घेतलेत, बूट पण एक नंबर मोठे. जिन्याच्या फेऱ्या बारा होतात, चार बाटल्या झेपत नाहीत अजून, तीनवर आहे.

मागच्या रविवारी वर्धनगडला गेलो, मी, मैत्रीण, आणि आई. आईला देवीचं देऊळ आहे एवढंच सांगितलं होतं, मला वाटलं पायथ्याला बसेल, पण ती साडी खोचून आमच्या पुढं चढली. आम्ही थांबत थांबत गेलो, पाऊण तास लागला. वर वारा होता, खाली रस्त्यावरनं एसट्या जाताना दिसत होत्या. कडक भाकरी काढली. खायच्या मध्येच आईनं विचारलं, त्या मुलीचे केस अडकले तेव्हा तू कुठं उभी होतीस? मी आत्तापर्यंत तिला अर्धंच सांगितलं होतं. सगळं सांगितलं, दोरी एकच होती ते पण. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, तो दादा कुठं शिकला होता ते विचार.

घसारा दादा, तुम्हाला मेसेज केलाय, डिसेंबरमधल्या तुमच्या दोन दिवसांच्या रॉकच्या कॅम्पला दोघींची नावं घ्या. फोनवर सगळे प्रश्न विचारणार आहे, चिडू नका. सहा एमएमची दोन मीटर दोरी मागवलीय, जिन्याच्या पाइपला मोठी दोरी बांधून प्रुसिक बसवायला शिकतीय, तीन वेढे मारले की धरते, पण एक वेढा दुसऱ्यावर चढला की सरकते, हे बरोबर आहे का तेवढं बघून सांगा, फोटो टाकते. नुसती गाठ बघतीय, त्यावर लोंबकळत नाही, काळजी नको.

पुढच्या रविवारी भूषणगड. काकू येताहेत. गाडीत दोन जागा आहेत, सोलापुरातनं कुणी येणार असेल तर इथंच सांगा, पहाटे चारला सातरस्त्यावरनं निघू.